डोळे उघडे ठेवून : माजी सैनिकांसाठीच्या श्वसन-ध्यान पुस्तिकेची प्रस्तावना

फौजेतून परतलेल्या माणसाच्या घरात काही नियम कुणी न सांगता ठरून जातात. झोपलेल्या माणसाला हात लावून उठवायचं नाही, दारात उभं राहून हाक मारायची. मागून येऊन खांद्यावर हात ठेवायचा नाही. हातातून ताट निसटलं तर लगेच मोठ्याने सांगायचं, ‘काही नाही, ताट पडलं.’ लग्नाला गेलं की भिंतीकडेची, दार दिसेल अशी खुर्ची धरून ठेवायची. दिवाळीत सुतळी बॉम्ब सुरू झाले की त्यांना दोन दिवस शेतातल्या आखाड्यावर जाऊ द्यायचं आणि ‘सणासुदीला घरी नाहीत का?’ असं विचारणाऱ्या पाहुण्याला काहीतरी सांगून वेळ मारून न्यायची. कंधार-लोह्याकडे असोत की अहमदपूर-औशाकडे, अशा घरांतल्या बायका हे नियम वर्षानुवर्षं पाळतात, मुलं ते बोलायला लागण्याआधी शिकतात. याला आजार मात्र कुणी म्हणत नाही. ‘फौजी माणूस, तापट असायचाच,’ एवढ्यावर विषय मिटतो.

ही पुस्तिका त्या घरांसाठी आहे. तिच्यात श्वासाचे आणि ध्यानाचे काही साधे प्रकार दिले आहेत. ते करून पाहण्याआधी ते का करायचे, कुणी करायचे नाहीत आणि आपल्याकडे ध्यान ज्या पद्धतीने शिकवलं जातं तिच्यात या माणसांसाठी काय बदलायला हवं, हे नीट समजलेलं बरं. म्हणून प्रस्तावना जरा लांबली आहे.

जीवघेणा प्रसंग अनुभवलेल्या माणसाचं शरीर त्या प्रसंगातून बाहेर यायला कधी कधी तयार होत नाही. तोच प्रसंग स्वप्नात येतो, जागेपणीही अंगावर येतो. त्याची आठवण करून देणारी जागा, वास, माणसं टाळली जातात. मायेच्या माणसांबद्दलही आतून काही वाटेनासं होतं. झोप उडते, राग क्षणात येतो, कान सतत टवकारलेले राहतात. हे सगळं महिन्याहून अधिक काळ टिकलं आणि रोजच्या जगण्याच्या आड येऊ लागलं की डॉक्टर त्याला आघातोत्तर ताण विकार म्हणतात. पहिल्या महायुद्धात खंदकांतून परतलेल्या शिपायांच्या थरथरीला ‘शेल शॉक’ म्हणत, आणि बऱ्याच जणांवर भित्रेपणाचा शिक्काही बसला. व्हिएतनामहून परतलेल्या अमेरिकी सैनिकांनी आणि त्यांच्या बाजूने उभ्या राहिलेल्या डॉक्टरांनी आवाज उठवल्यावर १९८० साली मानसोपचाराच्या अधिकृत वर्गीकरणात या विकाराला स्वतंत्र जागा मिळाली. म्हणजे कागदोपत्री हा आजार पन्नास वर्षांचाही नाही. भोगणारे मात्र युद्धाइतकेच जुने आहेत.

मराठवाड्याला ही गोष्ट परकी नाही. ३० सप्टेंबर १९९३. अनंत चतुर्दशीचं विसर्जन उरकून लोक नुकते पडले होते. पहाटे ३ वाजून ५६ मिनिटांनी किल्लारीची जमीन हलली आणि दगड-मातीच्या जाड भिंती, त्यांवरचं मातीचं जड माळवद झोपलेल्यांच्या अंगावर आलं. लातूर आणि तेव्हाचा उस्मानाबाद, या दोन जिल्ह्यांत मिळून सुमारे आठ हजार माणसं गेली. ५२ गावं उठवून नव्या जागी वसवावी लागली. मदतीला लष्कर आलं. पावसाच्या चिखलात ढिगारे उपसून जवानांनी माणसं बाहेर काढली, जिवंत थोडी आणि मेलेली पुष्कळ. वाचलेल्यांतले अनेक जण पुढे कितीतरी दिवस छताखाली झोपायला तयार नव्हते. पत्र्याची शेड उन्हाळ्यात भाजून काढायची, तरी ती बरी वाटायची, कारण पत्रा पडला तरी माणूस मरत नाही. पुण्याच्या महाराष्ट्र मानसिक आरोग्य संस्थेने डॉ. मोहन आगाशे यांच्या नेतृत्वाखाली भारतीय वैद्यकीय संशोधन परिषदेसाठी या भागातल्या लोकांच्या मनाचा अभ्यास केला. आपत्तीनंतर घरांबरोबर मनंही मोडतात आणि त्यांचीही डागडुजी करावी लागते, हे सरकारी पातळीवर देशात फारसं बोललं जात नव्हतं, तेव्हाची ही गोष्ट.

२१ मार्च २०२४ रोजी सकाळी सहाच्या सुमारास हिंगोली जिल्ह्यात केंद्र असलेले दोन धक्के नांदेडपर्यंत जाणवले. त्याच वर्षी १० जुलैला पुन्हा धक्का जाणवला. ज्यांनी १९९३ पाहिलं नाही ती तरुण मुलं मोबाइलवर बातमी शोधत होती. ज्यांनी पाहिलं त्यांच्यासाठी ती बातमी नव्हती. तीस वर्षांनंतरही अंगातलं ते जागं होऊ शकतं, आणि त्यात त्या माणसाचा काही दोष नसतो. किल्लारीच्या म्हातारीबद्दल हे आपल्याला चटकन पटतं. तीच समजूत निवृत्त हवालदाराच्या वाट्याला येत नाही, कारण त्याच्याकडून गावाने न घाबरण्याचीच अपेक्षा धरलेली असते.

नांदेड आणि लातूर या आपल्या दोन जिल्ह्यांचा वर्दीशी संबंध दिसतो त्याहून दाट आहे. नांदेड जिल्ह्यात मुदखेडला केंद्रीय राखीव पोलीस दलाचं प्रशिक्षण केंद्र आहे, लातूर जिल्ह्यात चाकूरला सीमा सुरक्षा दलाचं. नांदेड आणि लातूर, दोन्ही शहरांतल्या मैदानांवर पहाटे भरतीची तयारी करणारी पोरं पळत असतात. कोरडवाहू शेतीच्या पोराला फौज म्हणजे महिन्याचा पगार आणि घराण्याची इज्जत. भरतीच्या दिवशी गाव हलगी वाजवतं, सुट्टीवर आल्यावर सत्कार करतं, शहीद झाला तर कमान उभारतं. जिवंत परत आलेल्या पण झोप हरवलेल्या माणसाचं काय करायचं, हे मात्र गावाला ठाऊक नाही. ६ एप्रिल २०१० रोजी दंतेवाड्यात एका हल्ल्यात ७६ जवान गेले, त्यातले ७५ केंद्रीय राखीव दलाचे. बातम्या मेलेल्यांच्या झाल्या. अशा प्रत्येक घटनेत त्यांना खांद्यावरून वाहून आणणारेही असतात, आणि ते पुढे वीस-वीस वर्षं नोकरी करतात, निवृत्त होतात, बँकेच्या दारात बारा बोअरची बंदूक घेऊन उभे राहतात.

मग श्वास कशासाठी? या माणसांपैकी पुष्कळांना बोलायचं नसतं म्हणून. बोलून मोकळं होण्याच्या उपचारांचं महत्त्व मी कमी करत नाही. प्रशिक्षित तज्ज्ञाने दिलेले बोलण्याचे उपचार या विकारावर आजही सर्वांत भरवशाचे मानले जातात. पण ज्याने आयुष्यभर ‘यस सर’ याच्यापलीकडे स्वतःबद्दल शब्द काढला नाही, त्याला अनोळखी डॉक्टरसमोर बसवून ‘त्या दिवशी काय झालं ते सांगा’ म्हटलं की तो दुसऱ्या खेपेला येत नाही. श्वासाचा अभ्यास काही विचारत नाही. तो गोष्टीपासून नव्हे, शरीरापासून सुरू होतो. आणि बिघाडही पुष्कळसा तिथेच आहे. आपल्याकडे विहिरीवरच्या मोटारीला ऑटो लावलेला असतो. लाइट आली की मोटार आपोआप सुरू होते, रात्रीचे दोन वाजले आहेत, रान आधीच भिजलेलं आहे, याच्याशी तिला घेणं नसतं. धोक्याची सूचना देणारी मेंदूतली यंत्रणा या माणसांत तशीच वागते. आवाज झाला की छाती धडधडते, स्नायू ताठरतात, श्वास वर चढतो. तो ट्रॅक्टरचा सायलेन्सर होता हे डोक्याला नंतर कळतं. त्या यंत्रणेला हुकूम देऊन थांबवता येत नाही. हृदयाची गती, रक्तदाब, घाम यांवर आपली थेट सत्ता नाही. श्वास तेवढा एक असा आहे की जो आपोआप चालतो आणि हातातही घेता येतो.

हे पटवून घ्यायला यंत्र लागत नाही. डाव्या मनगटावर, अंगठ्याच्या बाजूला उजव्या हाताची तीन बोटं ठेवा आणि नाडी लागेपर्यंत थांबा. आता सावकाश श्वास घ्या, मग त्याहून सावकाश सोडा. श्वास आत येताना नाडी किंचित घाईने लागते, सोडताना ठोक्यांमधलं अंतर वाढतं. तरुण आणि धडधाकट माणसात हा फरक बोटांना स्पष्ट कळतो, वय वाढलं की तो कमी होतो. मेंदूकडून छातीत आणि पोटात उतरणारी एक लांब नस हृदयाला लगाम घालते, आणि श्वास सोडताना तिचा जोर वाढतो. म्हणून या पुस्तिकेतल्या जवळजवळ सगळ्या प्रकारांत सोडण्याला घेण्यापेक्षा जास्त वेळ दिला आहे. एरवी आपण मिनिटाला बारा ते वीस श्वास घेतो. तो वेग सहाच्या आसपास आणला की हृदयाच्या गतीची आणि रक्तदाबाची चढ-उतार एका लयीत येते. इटलीच्या लुचानो बर्नार्दी यांनी २००१ साली असं दाखवलं की कॅथलिकांची जपमाळ आणि तिबेटी मंत्र, दोन्ही म्हणताना माणसाचा श्वास आपोआप मिनिटाला सहाच्या जवळ येतो. लहानपणापासून हरिपाठ म्हटलेल्या माणसाला किंवा नांदेडच्या सचखंड गुरुद्वारात बसून वाहेगुरूचं सिमरन करणाऱ्याला हे वाचून नवल वाटणार नाही. अशांनी आपलंच नाम वापरावं. एका सावकाश उच्छ्वासात एकदा, पुरे. ज्याचा देवाधर्मावर विश्वास नाही, किंवा जे पाहिलं त्यानंतर उडाला, त्याने आकडे मोजावेत. परिणामात फरक पडतो असं मला वाटत नाही.

आणि सैनिकाला श्वास मुळीच नवा नाही. फायरिंग रेंजवर उस्ताद पहिल्या आठवड्यातच शिकवतो, की श्वास सोड, अर्ध्यावर थांब, नेम धर, मग ट्रिगर दाब. नेम चुकणाऱ्याला तो आधी हाताबद्दल नाही, दमाबद्दल झापतो. ज्या माणसाने गोळी सोडण्यासाठी श्वास ताब्यात घेतला आहे, त्याला झोप येण्यासाठी तो ताब्यात घेता येईल, हे समजावणं सोपं जातं. योगवर्गात बसायला संकोचणारे फौजी या एका वाक्यावर तयार होतात.

पुरावा काय आहे, तेही सांगायला हवं, वाढवून नव्हे. अमेरिकेत विस्कॉन्सिन विद्यापीठात एम्मा सेपाला आणि सहकाऱ्यांनी अफगाणिस्तान-इराकहून परतलेल्या २१ माजी सैनिकांवर सुदर्शन क्रिया या श्वसन-ध्यान पद्धतीचा सात दिवसांचा अभ्यास करून २०१४ साली निष्कर्ष मांडले. ज्यांनी क्रिया केली त्यांचा दचकणं, झोप उडणं, आठवणी अंगावर येणं हा त्रास कमी झाला आणि वर्षभरानंतरही तो फायदा दिसत होता. पण २१ माणसं म्हणजे एका बराकीतलीही पुरी नव्हेत. २०२२ साली ८५ माजी सैनिकांवरच्या दुसऱ्या एका प्रयोगात हीच पद्धत बोलण्याच्या एका मान्य उपचारासमोर ठेवून पाहिली, तेव्हा उपचार संपताना ती त्याच्या मागे पडली नाही. मिनिआपोलिसच्या ११६ माजी सैनिकांपैकी निम्म्यांना सजगतेचं ध्यान शिकवलं, त्याचा अहवाल २०१५चा. त्रासाची तीव्रता घटली, पण विकारातून पूर्ण बाहेर पडलेल्यांचं प्रमाण तुलनेच्या गटापेक्षा वेगळं नव्हतं. आपल्या देशातलं, सैनिकांचं नसलं तरी किल्लारीशी मिळतंजुळतं उदाहरण त्सुनामीनंतरच्या तामिळनाडूतलं आहे. नागपट्टिणमच्या छावण्यांतल्या १८३ जणांच्या त्या अभ्यासात, ज्यांना श्वसनाचे प्रकार शिकवले त्यांचा त्रास सहा आठवड्यांत लक्षणीय उतरला. हे सगळं एकत्र ठेवलं की माझं मत असं बनतं की श्वास आणि ध्यान त्रास हलका करतात, झोप परत आणायला मदत करतात आणि माणसाला उपचाराच्या दारापर्यंत नेतात. औषध बंद करायला सांगणारा कुणी महाराज, शिक्षक किंवा पुतण्या भेटला, तर त्याचं ऐकू नका.

महाराष्ट्राला या विषयात अभिमान वाटावा अशी एक जुनी गोष्टही आहे. लोणावळ्याला स्वामी कुवलयानंदांनी १९२४ साली कैवल्यधाम स्थापन केलं आणि योगातल्या क्रियांचा शरीरावर काय परिणाम होतो हे एक्स-रे आणि दाबमापक लावून मोजलं. ‘योगमीमांसा’ हे त्यांचं नियतकालिक त्याच वर्षी निघालं. श्रद्धेने सांगितलेलं मोजून पाहायचं, आणि मोजता येत नाही म्हणून फेकून द्यायचं नाही, ही त्यांची रीत मला आजही सगळ्यांत विश्वासाची वाटते.

आता मुख्य गोष्ट, जिच्यासाठी ही पुस्तिका लिहावी लागली. ध्यान म्हटलं की आपल्याकडे पहिली सूचना असते, डोळे मिटा. दुसरी, हालचाल करू नका. तिसरी, दिवे मालवा. ज्याचं शरीर रात्रंदिवस पहाऱ्यावर आहे त्याच्यासाठी या तिन्ही सूचना धोक्याच्या आहेत. डोळे मिटले की काही जणांना तो दिवसच समोर दिसतो. स्थिर बसलं की आतून सुटायची धडपड सुरू होते. अंधारात शवासन लावलं आणि शिक्षक पावलांचा आवाज न करता रांगांमधून फिरू लागला, तर उताणं पडलेल्या त्या माणसाच्या छातीत काय होत असेल याची कल्पना शिक्षकाला नसते. तो पुढच्या आठवड्यात येत नाही आणि सगळे म्हणतात, याला चिकाटी नाही.

म्हणून इथले सगळे प्रकार डोळे उघडे ठेवून करायचे आहेत. नजर चार-पाच फुटांवरच्या जमिनीवर, फरशीच्या एखाद्या सांध्यावर. पाठ भिंतीला, दार समोर आणि उघडं. खुर्चीवर बसलं तरी चालेल, चालत केलं तर अधिकच चांगलं. चार पावलांत श्वास घ्यायचा, सहा पावलांत सोडायचा, बांधावरून किंवा गोदावरीच्या घाटावरून. सुरुवातीला तीन मिनिटं, त्याहून जास्त नाही. शिकवणाऱ्याने कुणाच्या मागे जायचं नाही, बसण्याची पद्धत सुधारायला अंगाला हात लावायचा नाही, पंखा किंवा दिवा बंद करण्याआधी सांगायचं. मध्येच उठून बाहेर जायची मोकळीक पहिल्याच दिवशी स्पष्ट शब्दांत द्यायची, आणि कुणी गेलं तर त्याच्यामागे धावायचं नाही. ज्याला काय होतंय ते कळत नाही असं वाटेल त्याने पायाचे तळवे जमिनीवर दाबावेत आणि खोलीतल्या पाच वस्तूंची नावं मोठ्याने घ्यावीत.

कपालभाती आणि भस्त्रिका या पुस्तिकेत मुद्दाम ठेवलेल्या नाहीत. टीव्हीवर पाहून त्या घरोघर पोहोचल्या आहेत आणि निरोगी माणसाला त्यांचा फायदाही होतो. पण जोरजोराने श्वास फेकला की रक्तातला कार्बन डायऑक्साइड उतरतो, हाताच्या बोटांना मुंग्या येतात, डोकं हलकं होतं, छाती धडधडते. ही सगळी भीतीच्या झटक्याचीच लक्षणं आहेत, आणि शरीर ती ओळखून खरा झटका आणू शकतं. कुंभकही नाही. ढिगाऱ्याखाली किंवा पाण्यात दम कोंडलेल्या माणसाला श्वास रोखायला सांगणं क्रूरपणाचं आहे. विपश्यनेबद्दल पुष्कळ जण विचारतात. इगतपुरीच्या धम्मगिरीवर दहा दिवसांच्या शिबिराचे पहिले तीन दिवस फक्त श्वासाकडे पाहण्यात जातात, आणि तिथे मन स्थिर झालेली माणसं मी ओळखतो. पण दहा दिवस मौन आणि रोज दहा तास बसणं ही या त्रासात पहिली पायरी होऊ शकत नाही. प्रवेश-अर्जातच मानसिक आजाराबद्दल विचारलेलं असतं. ते लपवू नका.

घरच्या बायकांसाठी एक प्रकरण वेगळं ठेवलं आहे. ते त्यांच्या नवऱ्याला कसं सांभाळावं याचं नाही, त्यांच्या स्वतःच्या झोपेचं आहे. रात्री तीन वाजता तो उठून कडी तपासतो तेव्हा तीही जागी असते, आणि सकाळी पाच वाजता धार काढायला तिलाच उठायचं असतं. कॅन्टीनच्या बाटलीचा प्रश्नही तिच्याच पदरात येऊन पडतो. दारूने झोप लागल्यासारखी वाटते आणि पहाटे तीच झोप तोडते, स्वप्नं अधिक भयंकर करते. हे त्याला संध्याकाळी, पिण्याच्या वेळी सांगण्यात अर्थ नाही. सकाळी चहाच्या वेळी, एकदाच, शांतपणे सांगावं.

मदत जवळ आहे. नांदेडला विष्णुपुरीचं डॉ. शंकरराव चव्हाण शासकीय वैद्यकीय महाविद्यालय आणि लातूरचं विलासराव देशमुख शासकीय वैद्यकीय विज्ञान संस्थेचं रुग्णालय, दोन्हीकडे मनोविकारतज्ज्ञ आहेत. सैन्यातून निवृत्त झालेल्यांना २००३ पासून ईसीएचएस या माजी सैनिकांच्या आरोग्य योजनेत उपचार मिळतात, आणि कागदपत्रांत अडलं तर जिल्हा सैनिक कल्याण कार्यालयात जावं. केंद्रीय राखीव दल आणि सीमा सुरक्षा दलातून निवृत्त झालेल्यांची व्यवस्था वेगळी आहे. एकाच गोळीला सामोऱ्या गेलेल्या दोन माणसांत हा फरक असावा याचं मला मनापासून वाईट वाटतं. टेली-मानस या सरकारी मानसिक आरोग्य सेवेचा १४४१६ हा फुकट क्रमांक मात्र सगळ्यांसाठी चोवीस तास आहे, त्यावर मराठीत बोलता येतं. सैन्यदलांसाठी याच सेवेचा एक खास कक्ष पुण्याच्या सशस्त्र सेना वैद्यकीय महाविद्यालयात डिसेंबर २०२३ मध्ये सुरू झाला. जीव द्यावासा वाटतो असं कुणी बोलून दाखवलं, गमतीत बोलला तरी, त्या दिवशी श्वासाचे प्रकार बाजूला ठेवा. परवान्याची बंदूक आणि शेतातली फवारणीची औषधं दुसऱ्याच्या घरी हलवा, त्याला एकटं सोडू नका आणि रुग्णालय गाठा.

गटाने करणार असाल तर शिकवायला शक्यतो फौजीच बसवा. योगशिक्षक शेजारी असू द्या, पण पहिलं वाक्य फौजीने बोलावं. सुरुवात दिवाळीच्या किमान दोन महिने आधी करा, पोळ्याच्या सुमारास, म्हणजे फटाके सुरू होईतो हाताशी काहीतरी असेल. पहिल्या आठवड्यात फक्त पहिलं प्रकरण घ्या, रोज तीन मिनिटं, सकाळी आणि झोपण्याआधी, आणि कुणालाही ‘कसं वाटलं?’ असं विचारू नका. ज्याला सांगायचं असेल तो नंतर चहा पिताना स्वतःच सांगेल.